झडती घेणाऱ्याची झडती

सोलापूरहून तुळजापूरला निघालात की मधे आमचं तामलवाडी लागतं. बहुतेकांना ते टोलनाक्यामुळे माहीत असतं. फास्टॅगचा आवाज येतो, आडवा दांडा वर जातो, कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि तुम्ही पुढे निघता. माझ्या आजोबांना मात्र 'नाका' म्हटलं की दुसरंच काही आठवायचं. १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजांचं होतं आणि १९४८ पर्यंत आमचा तुळजापूर तालुका निजामाचा. दोन राज्यांची हद्द इथून जवळच, आणि हद्द आली की करोडगिरीचा नाका आलाच. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. गाठोड्यात काय आहे, कुठून आलास, कोणाकडे चाललास, ही उत्तरं देऊनच पुढे जायचं.

थोडक्यात, झडती द्यायची सवय आमच्याकडे तीन पिढ्यांची आहे. म्हणून 'सुरक्षा महत्त्वाची की स्वातंत्र्य' ही चर्चा मला पॅरिस-लंडनची वाटत नाही. तिकडे ती जोरात चालते हे खरं. पण हा प्रश्न आमच्या रस्त्यावरून कितीतरी आधी येऊन गेलाय, दोन्ही बाजूंनी.

आधीच सांगतो, मला नाके नकोत असं माझं म्हणणं नाही. नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूरकडून लाखो माणसं आमच्या गावावरून तुळजापूरला चालत जातात. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो. त्या गर्दीत पोलीस नसावेत, मंदिराच्या दारात मेटल डिटेक्टर नसावा, असं गावातलं कोणीही म्हणणार नाही. माझी आई तर पोलिसांना चहा नेऊन देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडीजवळच पोलिसांनी एमडी ड्रग्ज पकडले आणि त्यातून तुळजापूरचं प्रकरण राज्यभर गाजलं. त्या दिवशी नाकाबंदी नसती तर बरं झालं असतं, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आजोबा १९४८ साली बारा वर्षांचे होते. रझाकारांच्या शेवटच्या वर्षात संध्याकाळ झाली की दिवे विझायचे, बायका-पोरांना सोलापूरकडच्या नातेवाइकांकडे पाठवायचे, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. ज्याने अशी रात्र काढलीय त्याला 'सुरक्षा' हा शब्द पोकळ वाटत नाही. घरावर कोणी चालून येणार नाही याची खात्री हासुद्धा माणसाचा हक्कच आहे, आणि ती खात्री द्यायला सरकार लागतं, पोलीस लागतात, कायदाही लागतो.

पण आजोबांकडे याच गोष्टीचा दुसरा भागही होता. तो ते कमी आवाजात सांगायचे.

*

१९३८ च्या सप्टेंबरमध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. संघटना धड उभीही राहिली नव्हती, त्याआधीच ती बेकायदा ठरली. ज्या नियमाखाली ही बंदी आली, त्याचं नाव होतं सार्वजनिक सुरक्षेचा नियम. ही बंदी उठायला १९४६ उजाडलं. त्याच्या आधीपासून 'गश्ती निशान ५३' नावाचं एक फर्मान होतंच. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढायची. मराठवाड्यात वाचनालय काढणं, शाळा काढणं, परिषद भरवणं हे राजकारण कसं झालं, ते या गश्तीमुळे कळतं. उघड सभा घेता येत नव्हती, म्हणून लोक पुस्तकांच्या कपाटाभोवती जमायचे.

हद्दीपलीकडे इंग्रजांचं सोलापूर, तिथे वेगळा पाठ. गांधीजींना अटक झाल्यावर मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, लोक मेले, पोलीसही मारले गेले. १२ मे ते ३० जूनपर्यंत शहरात लष्करी कायदा होता. त्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरला. पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आज सोलापुरात त्यांचे पुतळे आहेत. कॉलेजला जाताना आमची एसटी त्यांच्या जवळून जायची. सरकारी कागदावर जे गुन्हेगार होते, त्यांना आपण हार घालतो.

आता कोणी म्हणेल, निजाम आणि इंग्रज परके होते, आजचं सरकार आपण निवडून दिलेलं आहे. बरोबर आहे. दोन्ही एकाच मापाने मोजणं चुकीचं होईल. पण मला या गोष्टीतलं एक बारीक सूत्र महत्त्वाचं वाटतं. त्या काळातही नियमावर 'दडपशाहीचा नियम' असं लिहिलेलं नव्हतं. 'सुरक्षा' असंच लिहिलेलं होतं. कायद्याचं नाव वाचून तो कसा वापरला जाईल ते कळत नाही.

आजोबा कमी आवाजात सांगायचे तो भाग १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा. त्या दिवशी निजाम शरण आला. दरवर्षी त्या तारखेला आमच्या शाळेत झेंडा लागतो, भाषणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण पोलीस कारवाईच्या त्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी कितीतरी मुसलमान माणसं मारली गेली, घरं लुटली गेली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मृतांचा त्यांचा अंदाज संपूर्ण संस्थानासाठी २७ हजार ते ४० हजार होता. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. आजोबा एवढंच म्हणायचे, "नंतर त्यांच्यावर बी लई वाईट दिवस आले. ज्यांनी केलं ते पळाले, ज्यांनी नाही केलं ते घावले."

ज्यांनी केलं ते पळाले, ज्यांनी नाही केलं ते सापडले. दहशतवादविरोधी कायद्यांबद्दल पुढे मी जे काही वाचलं, त्यात हे वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं.

*

शिकायला बाहेर पडलो तेव्हा माझ्या खोलीत एक मित्र होता. इंजिनिअरिंगचा, क्रिकेटवेडा, पहाटेच्या नमाजाला उठताना माझी झोप मोडू नये म्हणून मोबाइलच्या उजेडात चप्पल शोधणारा. एके दिवशी त्याला फोन आला, चौकशीला या. पोलीस कोणाला तरी शोधत होते आणि त्या माणसाच्या फोनमध्ये याचा नंबर होता. दोघं कधीतरी एकाच टर्फवर क्रिकेट खेळले होते, एवढाच संबंध.

दोन दिवस सकाळी दहा ते रात्री नऊ तो एका बाकावर बसून होता. कोणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. तेच प्रश्न पाच-सहा वेळा विचारले. फोन ठेवून घेतला, तो तीन महिन्यांनी परत मिळाला. दोन्ही दिवसांचा कसलाही कागद त्याच्याकडे नाही. बोलावल्याचा नाही, फोन घेतल्याचा नाही, तुझ्याविरुद्ध काही नाही असं सांगणाराही नाही. कोणाच्याही नोंदीत त्याच्यावर अन्याय झालेला नाही.

पण त्यानंतरचा तो मी पाहिलाय. कॉलेजचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप त्याने सोडले. टर्फवर जाणं बंद केलं. आमच्या मेसमध्ये भाजीत अळ्या निघाल्या तेव्हा आम्ही तक्रारीचा अर्ज लिहिला. बेचाळीस जणांनी सह्या केल्या, त्याने केली नाही. "माझं नाव कुठल्याच यादीत नको," म्हणाला. अळ्या त्याच्याही ताटात होत्या.

स्वातंत्र्य जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला त्या अर्जावरून समजलं. तुरुंग ही फार पुढची पायरी. त्याच्या कितीतरी आधी माणूस साध्या अर्जावर सही करायचा थांबतो.

*

'सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांचा समतोल' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यातलं थोडं काढा, दुसऱ्यात टाका, काटा मधे येईल. मला या तराजूत दोन खोट दिसतात.

पहिली खोट अशी की दोन्ही पारडी एकाच माणसाची नसतात. सुरक्षा वाढते सगळ्यांची, निदान तसं सांगितलं जातं, आणि स्वातंत्र्य कमी होतं कोणाचं तरी वेगळ्याचंच. टीव्हीसमोर बसून 'थोडं स्वातंत्र्य गेलं तर काय बिघडलं' म्हणणाऱ्याचं सहसा काहीच गेलेलं नसतं. जातं ते माझ्या मित्राचं.

दुसरी खोट जास्त मोठी आहे. एका पारड्यातून काढलेलं दुसऱ्यात पडतंच, हे आपण गृहीत धरतो. बऱ्याचदा ते मधेच सांडतं. स्वातंत्र्यही जातं आणि सुरक्षाही मिळत नाही.

मुंबईची दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८९ माणसं गेली. तपास झाला, मकोका लागला. मकोका म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, मकोकात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा चालतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेराव्या आरोपीला सोडलं. तो एक शाळाशिक्षक होता, आणि तोवर त्याची नऊ वर्षं तुरुंगात गेली होती.

मग २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब टिकले नाहीत, साक्षीदारांवर विश्वास ठेवता आला नाही, ओळखपरेड टिकली नाही. बारांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात असताना कोरोनाने गेला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती दिली, सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायची गरज नाही असंही सांगितलं. अपिलाचा शेवट काय होईल तो होईल. पण उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच जे म्हटलं, त्याचा आशय प्रत्येक चॅनेलवर दाखवायला हवा होता. गुन्हा उलगडल्याचा नुसता देखावा केला तर समाजाला खोटा दिलासा मिळतो, आणि खरा धोका मोकळाच राहतो.

ज्यांनी केलं ते पळाले.

आता दुसरं प्रकरण. २६ नोव्हेंबर २००८. १६६ माणसं मारली गेली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, स्वतः गेले, पण तो जिवंत सापडला. त्याला वकील मिळाला. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार, छायाचित्रं, सीसीटीव्हीचं चित्रण, सगळं उघड न्यायालयात मांडलं गेलं. शिक्षा उच्च न्यायालयात टिकली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. आणि त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींना पुरावा पटला नाही म्हणून सोडलं गेलं. खालच्या न्यायालयाने सोडलं, वरच्या दोघांनीही ते कायम ठेवलं.

तेव्हा 'बिर्याणी' वगैरे बरंच काही बोललं गेलं. पण निकाल चार वर्षांच्या आत लागला आणि कोणीही त्यावर बोट ठेवू शकलं नाही. एकीकडे पोलिसांपुढचे कबुलीजबाब आणि एकोणीस वर्षांनी हाती शून्य. दुसरीकडे नीट जमवलेला पुरावा आणि चार वर्षांत टिकलेला निकाल. आरोपीला वकील देणं, पुरावा तपासून घेणं, संशयाचा फायदा देणं, याला आपण दहशतवाद्यांवरची मेहेरबानी म्हणतो. खरं तर बरोबर माणूस सापडलाय की नाही हे ताडून पाहायची आपल्याकडे तेवढीच एक रीत आहे.

हा प्रश्न एका धर्माचा आहे असंही समजू नका. मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये स्फोट झाले, नऊ मुसलमान पुरुषांना धरलं. एकाचा खटल्यादरम्यान मृत्यू झाला, बाकी आठ जणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केलं. त्याच मालेगावात सप्टेंबर २००८ मध्ये पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्यात धरलेले सगळे हिंदू होते. ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी त्या सातही जणांची सुटका झाली. कोणाच्या सुटकेवर आपण पेढे वाटले आणि कोणाच्या सुटकेवर चिडलो, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. मालेगावच्या ज्या घरांतून माणसं गेली, त्यांना दोन्ही वेळेला उत्तर मिळालेलं नाही.

*

युरोपकडे पाहायचं ते यासाठी की तिथेही हेच घडलं, आणि त्यातल्या काही चुका त्यांनी कागदावर मान्य केल्या.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ला झाला. १३० माणसं गेली. फ्रान्सने आणीबाणी लावली. ती सुरुवातीला बारा दिवसांची होती, वाढत वाढत १ नोव्हेंबर २०१७ पर्यंत चालली. न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय चार हजारांहून जास्त घरांची झडती झाली. पहिल्या काही दिवसांतच पॅरिसमध्ये जागतिक हवामान परिषद होती. तिच्या तोंडावर काही पर्यावरण कार्यकर्त्यांना घरात नजरकैदेत ठेवलं गेलं. दहशतवाद्यांसाठी आणलेला अधिकार दोन आठवड्यांत झाडं आणि हवेबद्दल बोलणाऱ्यांपर्यंत पोचला. आणीबाणी उठवताना तिच्यातले बरेचसे अधिकार नव्या कायद्यात घालून ठेवले. तात्पुरतं म्हणून आलेलं तिथेच राहिलं.

ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यात कलम ४४ होतं. ठरवून दिलेल्या भागात कसलाही संशय नसताना पोलीस कोणालाही थांबवून झडती घेऊ शकत. भाग ठरवून द्यायची मुदत २८ दिवसांची. पण लंडनसाठी ती दर महिन्याला गुपचूप वाढवली जायची, वर्षानुवर्षं. २००९-१० या एका वर्षात एक लाखाहून जास्त लोकांना या कलमाखाली थांबवलं. त्यातल्या एकालाही दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी अटक झाली नाही. शस्त्रप्रदर्शनाबाहेर निदर्शनाला निघालेला एक विद्यार्थी आणि तिथे काम करायला आलेली एक पत्रकार, अशा दोघांनी तक्रार लढवत नेली. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हे कलम खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतं असा निकाल दिला. सरकारला ते मागे घ्यावं लागलं.

आणखी एक गोष्ट आपल्याला थेट लागू पडणारी. जुलै २००५ च्या लंडन स्फोटांत ५२ जण गेले. त्यानंतर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आरोप न ठेवता ९० दिवस कोठडीत ठेवायचा अधिकार मागितला. त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या संसदेने तो नाकारला. २८ दिवस दिले, आणि २०११ मध्ये ते १४ वर आणले. आपल्याकडे यूएपीएखाली आरोपपत्राशिवाय १८० दिवस ठेवता येतं. हा बदल २६/११ नंतर महिनाभरात झाला. त्याच दुरुस्तीने जामीनही अवघड केला. पोलिसांच्या कागदांवरून आरोपात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर जामीन नाही. खटला कधी सुरू होईल याचा पत्ता नसताना माणूस वर्षानुवर्षं आत राहतो. भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेले स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी कोठडीत असतानाच गेले. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कुठलंही न्यायालय सांगणार नाही.

ब्रिटन म्हणजे रामराज्य नव्हे. २००५ च्या त्याच जुलैमध्ये लंडनच्या पोलिसांनी भुयारी रेल्वेत एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या. पण तिथे एक पद आहे जे आपल्याकडे नाही. दहशतवादविरोधी कायद्यांचा स्वतंत्र परीक्षक. सरकारी खात्याबाहेरचा वकील, ज्याला गोपनीय कागद पाहता येतात, आणि जो या कायद्यांचा वापर कसा झाला याचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे जाईल असा लिहितो. झडती घेणाऱ्याची झडती घेणारा माणूस.

*

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं, ते मी हे सगळं डोक्यात घेऊन वाचलं.

सरकारची बाजू आधी. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशात असा कायदा आहे, महाराष्ट्रात नव्हता. गडचिरोलीत माणसं मेलीत हे कोणी नाकारू नये. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेला. त्यांच्या घरांपुढे उभं राहून 'कायद्याची काय गरज' असं विचारणं सोपं नाही.

आणि विरोध केला की काहीच होत नाही, असंही नाही. विधेयक पहिल्यांदा आलं २०२४ मध्ये. मग ते संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. व्यक्ती आणि संघटना असा मोघम उल्लेख होता, त्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटना असं आलं. सल्लागार मंडळाची रचना बदलली. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. बारा हजार लोकांनी पोस्टकार्ड, ईमेल, निवेदनं पाठवली नसती तर हे झालं नसतं.

तरी दोन गोष्टी मला टोचतात. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं, तसा प्रचार करणं हेही आहे. अवज्ञा! १९३० मध्ये सोलापुरात टोपी घालून लोकांनी जी केली, १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानात सत्याग्रहींनी जी केली, ती हीच. आज ज्या पुतळ्यांना आपण हार घालतो, त्यांच्या काळाचं नावच सविनय कायदेभंग आहे. बंदूक आणि भूसुरुंगासाठी कायदा हवा, पण त्यात मोर्चा आणि धरणं अडकतील एवढं रुंद जाळं कशाला? छत्तीसगडमध्ये याच नावाच्या २००५ च्या कायद्याखाली २००७ मध्ये डॉ. बिनायक सेन यांना अटक झाली. आदिवासी भागात दवाखाना चालवणारा हा डॉक्टर दोन वर्षं जामिनासाठी झगडला, शेवटी सर्वोच्च न्यायालयात त्याला जामीन मिळाला.

दुसरी गोष्ट, या कायद्याला शेवटची तारीख नाही. टाडाला होती. तो दर दोन वर्षांनी संसदेपुढे यायचा. त्याखाली ७६ हजारांच्या आसपास लोक धरले गेले आणि शिक्षा झाली फारच थोड्यांना, हे समोर आल्यावर १९९५ मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली नाही. कोणाला तो रद्द करायचं धाडस करावं लागलं नाही, फक्त पुन्हा मंजूर करायचं कारण सांगता आलं नाही. दुधाच्या पिशवीवर आपण तारीख बघतो, कायद्यावर का बघत नाही?

*

माझ्या वयाच्या मित्रांशी बोललं की एक वाक्य हमखास येतं. "मी काही केलंच नाही, तर मला भीती कसली?" हे ज्याला म्हणता येतं त्याचं नशीब चांगलं आहे. त्या शाळाशिक्षकानेही काही केलं नव्हतं. माझ्या मित्राने तर फक्त क्रिकेट खेळलं होतं. तुम्ही काय केलंय यावर सगळं ठरत नाही. संशय घेणाऱ्याला कोणाला उत्तर द्यावं लागतं, यावर ठरतं.

म्हणून यापुढे कोणताही सुरक्षेचा कायदा आला, मग तो तुमच्या आवडत्या पक्षाने आणलेला असो की नावडत्या, त्याला काही साधे प्रश्न विचारून पाहा. कोणालाही बोलावलं, थांबवलं, फोन घेतला, तर त्याचा कागद मिळणार का? किती दिवसांत न्यायाधीशासमोर आणि किती दिवसांत खटल्यापर्यंत? या कायद्याची मुदत कधी संपते? त्याचा वापर कसा झाला हे सरकारबाहेरचं कोण तपासणार आणि ते आपल्याला वाचायला मिळणार का? आणि माणूस निर्दोष निघाला तर त्याची वर्षं कोण भरून देणार? विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायदा करा असं सुचवलं होतं. तसा कायदा अजून झालेला नाही.

यातला एकही प्रश्न पोलिसांचे हात बांधत नाही. उलट ज्या पोलिसाला नोंद ठेवावी लागते, पुरावा जमवावा लागतो, त्याने धरलेला माणूस न्यायालयात सुटत नाही. मला तसे पोलीस हवे आहेत. कोजागिरीच्या रात्री आमच्या रस्त्यावरून पायी जाणाऱ्या लाखो माणसांनाही तेच हवे आहेत.

माझा मित्र आता बंगळुरूला असतो. चांगली नोकरी आहे, लग्न ठरलंय. हा लेख लिहिण्याआधी त्याला विचारलं, तुझी गोष्ट लिहू का? थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "लिही. नाव नको टाकू."